बाथचं रॉयल क्रेसेंट: पुढून एक राजवाडा, मागून तीस घरं

इंग्लंडमधल्या बाथ शहराचा तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे बघितलाच असेल, पुढे हिरवंगार लॉन, मागे अर्धगोलात वळत गेलेली पिवळसर दगडाची लांबच लांब इमारत आणि तिच्यावर ओळीने खांबच खांब. बघणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं की हा कुठल्यातरी राजाचा वाडा असणार. पण ती तीस वेगवेगळी घरं आहेत, एकमेकांना चिकटून बांधलेली, प्रत्येकाचं दार वेगळं, जिना वेगळा, मालक वेगळा. नाव रॉयल क्रेसेंट (क्रेसेंट म्हणजे चंद्रकोर), बांधकाम १७६७ ते १७७५ च्या दरम्यानचं, आणि आर्किटेक्ट जॉन वुड, म्हणजे धाकटा जॉन वुड, कारण वडिलांचं नावही जॉन वुडच आणि तेही बाथमधले मोठे आर्किटेक्ट.

या घरांबद्दल लिहिताना लोक खांबांचं कौतुक करून थांबतात आणि मला तिथेच राहून राहून वाटतं की खरी गंमत तर पुढे आहे. हे एवढं देखणं काम कुठल्या राजाने खजिना रिकामा करून केलेलं नाही, ते जमीन घेऊन, प्लॉट पाडून लीजवर द्यायच्या धंद्यातून उभं राहिलंय, आणि त्या धंद्याचा एकच कडक नियम होता की पुढची बाजू आम्ही सांगू तशीच, मागे तुम्हाला काय हवं ते करा. हा एक नियम डोक्यात ठेवला की खिडक्या, तळघर, धुराडी, सगळ्याचा अर्थ लागत जातो.

आधी टाउनहाउस म्हणजे नक्की काय ते सांगतो. आपल्याकडे चाळीत एका मजल्यावर ओळीने बिऱ्हाडं असतात, प्रत्येकाची खोली दोन खोली आडवी, जिना सगळ्यांचा एकच. इंग्लिश टाउनहाउसमध्ये वाटणी उभी असते, म्हणजे तळघरापासून माळ्यापर्यंतचा सगळा उभा पट्टा एका कुटुंबाचा, शेजाऱ्याशी फक्त डावी-उजवी भिंत सामाईक. रुंदी कमी, उंची जास्त, त्यामुळे दिवसभर चढउतार. घर साधारण तीन खणी, म्हणजे दर्शनी बाजूला एका मजल्यावर तीन खिडक्या, आणि तळमजल्यावर त्यातल्या एका खिडकीच्या जागी दार.

आता तो धंदा कसा चालायचा ते बघू. अठराव्या शतकात बाथ म्हणजे श्रीमंत लोकांची हवापालटाची जागा. तिथे जमिनीतून साधारण ४६ अंश सेल्सियसचं गरम पाणी येतं, रोमन लोकांनी तिथे स्नानगृहं बांधली होती, आणि पुढे त्या पाण्याने आजार बरे होतात म्हणून अख्ख्या देशातून लोक सीझनमध्ये येऊन राहायला लागले, त्यात औषधपाणी किती आणि नाच, पत्ते, लग्नं जुळवणं किती हा भाग वेगळा. या सगळ्यांना राहायला भारदस्त घरं पाहिजेत, पण महिना दोन महिन्यांपुरती, भाड्याने. वुडने काय केलं, तर गॅरार्ड नावाच्या जमीनदार घराण्याकडून गावाबाहेरच्या टेकडीवरची जमीन घेतली, अख्ख्या दर्शनी बाजूचं ड्रॉइंग स्वतः काढलं, आणि मग त्या दर्शनी बाजूचे तुकडे पाडून एकेक तुकडा बिल्डरांना आणि घर घेणाऱ्यांना लीजवर दिला. लीजमध्ये अट, की समोरची भिंत ड्रॉइंगप्रमाणेच उभी राहिली पाहिजे, तोच दगड, तीच उंची, तेच खांब. तिच्या मागे किती खोल्या, जिना कुठे, किती खोल जायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि आपला माणूस लावून बांधून घ्यायचं. म्हणून तीस घरं असली तरी आतून एकासारखं दुसरं नाही.

अशा सौद्यात वुडला सगळं भांडवल स्वतःच्या खिशातून घालावं लागत नव्हतं, बांधकामाचा खर्च आणि जोखीम बऱ्याच जणांत वाटली गेली, आणि तरी रस्त्यावरून बघणाऱ्याला एकाच हाताचं काम दिसलं. त्याच्या वडिलांनी १७२८ पासून क्वीन स्क्वेअर बांधताना हीच पद्धत वापरली होती, तिथल्या उत्तरेकडच्या घरांच्या ओळीला मधोमध त्रिकोणी शिखर देऊन ती एक मोठी हवेली वाटेल असं केलं होतं. पुढे १७५४ मध्ये त्यांनी सर्कस नावाची पूर्ण गोलाकार वसाहत सुरू केली, तेहतीस घरांची, पण पायाभरणी झाली आणि त्याच वर्षी ते गेले. मुलाने ती पूर्ण केली आणि मग तिथून पुढे ब्रॉक स्ट्रीट नावाचा रस्ता काढून त्याच्या टोकाला क्रेसेंट बांधलं. हा ब्रॉक स्ट्रीट मुद्दाम साधा ठेवलाय. सर्कसकडून त्यावरून चालत गेलं की दोन्ही बाजूंना साधीशी घरं, पुढे काय आहे याचा काही पत्ता लागत नाही, आणि कोपऱ्यावर पोचलं की एकदम सगळा अर्धगोल डोळ्यासमोर येतो. एवढी दीडशे मीटर लांब इमारत शेवटच्या पावलापर्यंत लपवून ठेवायची हे साधं काम नाही.

बाप-लेकाच्या कामात फरकही खूप आहे. सर्कसमध्ये वडिलांनी तीन मजल्यांवर तीन वेगवेगळ्या शैलींचे खांब लावले आणि तळमजल्याच्या खांबांवरच्या दगडी पट्ट्यावर ५२८ निरनिराळी चिन्हं कोरून घेतली, साप, हत्यारं, वाद्यं, काय वाट्टेल ते. मुलाने क्रेसेंटमध्ये हे सगळं टाळलं. क्रेसेंटचा तळमजला अगदी सपाट आहे, खिडक्यांना साधी दगडी चौकटसुद्धा नाही, भिंतीत नुसते काटकोनी चौकोन कापल्यासारखे. हा मजला जोत्याचं काम करतो. त्याच्यावर पहिला आणि दुसरा असे दोन मजले मिळून एकच उंच खांब, असे एकूण ११४ खांब, आयोनिक पद्धतीचे म्हणजे ज्यांच्या माथ्यावर दोन्हीकडे गुंडाळी असते ते, साधारण अडीच फूट जाड. खांब पूर्ण सुटे नाहीत, पाव भाग भिंतीत आणि पाऊण भाग बाहेर. त्यांच्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दगडी पट्टा, आणि त्याच्यावर कठडा.

दोन मजल्यांना मिळून एक खांब ही युक्ती फार महत्त्वाची आहे. प्रत्येक मजल्याला वेगळे छोटे खांब दिले असते तर नजर मजले मोजत बसली असती. इथे नजर मजल्यावर थांबतच नाही, ती खांबाखांबावरून आडवी सरकत जाते आणि एक घर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे कळतच नाही. मधोमध शिखर वगैरे काही नाही, फक्त मधल्या घराला जोडखांब दिलेत, तेही लक्ष देऊन बघितलं तरच दिसतात. शिवाय आकार बरोबर अर्ध्या वर्तुळाचा नसून अर्ध्या लंबवर्तुळाचा आहे, त्यामुळे वळण मध्ये सौम्य आणि टोकांकडे जास्त. माझ्या मते ही साधेपणाची हिंमतच क्रेसेंटला सर्कसपेक्षा वर नेते, सर्कस बघताना माणूस कोरीवकाम बघत राहतो, इथे सगळी इमारत एका दमात बघतो.

दगड बाथचाच. शहराच्या आजूबाजूच्या टेकड्यांमधून, कोम्ब डाउनसारख्या ठिकाणच्या खाणींतून निघणारा चुनखडीचा दगड, छोट्या छोट्या गोल कणांचा बनलेला. खाणीतून ताजा काढला की ओलसर आणि मऊ असतो, करवतीने कापता येतो, कुठल्याही दिशेने कापला तरी फुटत नाही, आणि मग हवेत राहून वरचा थर कडक होतो. म्हणून इतक्या खांबांचं काम त्या काळात परवडलं. पण अख्खी भिंत या घडीव दगडाची नसते. पुढे तासलेला, सांधा दिसेल न दिसेल इतका बारीक असा दगडाचा थर, आणि मागच्या अंगाला डबर. या दगडाचा वैरी म्हणजे धूर. कोळशाच्या धुरातलं गंधक पावसाच्या पाण्यातून चुनखडीवर बसतं आणि काळी खपली धरते, एकेकाळी अख्खं बाथ असं काळं झालेलं होतं आणि आजचा पिवळा रंग हा विसाव्या शतकात केलेल्या साफसफाईनंतरचा आहे.

खिडक्यांवर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातल्या घराचा निम्मा जीव खिडक्यांत असतो. खिडकीची उंची बघून आत काय चालायचं ते ओळखता येतं. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यात उंच, कारण दिवाणखाना तिथे, पाहुणे तिथे, रस्त्याच्या आवाजापासून आणि चिखलापासून वर. दुसऱ्या मजल्यावर झोपायच्या खोल्या, खिडक्या बुटक्या. माळ्यावर नोकर, त्यांच्या खिडक्या तर कठड्यामागे लपलेल्याच, रस्त्यावरून दिसल्याच नाही पाहिजेत अशा. खिडकीची झडप दाराने उघडल्यासारखी उघडत नाही, वरखाली सरकते. दोन झडपा एकीपुढे एक, आणि लाकडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना आतून पोकळ खोकं, त्यात दोरीला लोखंडाचं नाहीतर शिशाचं वजन लटकवलेलं, दोरी वरच्या पुलीवरून येऊन झडपेला बांधलेली. दोन्हीकडची वजनं मिळून झडपेच्या वजनाएवढी, त्यामुळे एवढी जड काचेची चौकट एका हाताने वर जाते आणि जिथे सोडाल तिथे थांबते. अडीचशे वर्षांपूर्वीची ही यंत्रणा आजही दोरी बदलली की पहिल्यासारखी चालते.

त्या झडपेत काचेचे छोटे छोटे तुकडे आणि मध्ये लाकडी पट्ट्या का, तर मोठी काच बनवताच येत नव्हती. वितळलेल्या काचेचा गोळा फुंकून, गरगर फिरवून त्याची चपटी थाळी करायचे आणि त्या थाळीतून तुकडे कापायचे. म्हणून जुनी काच किंचित फुगीर असते आणि तिच्यात समोरचं झाड थोडं हललेलं दिसतं. एकोणिसाव्या शतकात मोठी काच मिळायला लागली, १८४५ मध्ये काचेवरचा करही गेला, मग लोकांनी पट्ट्या काढून मोठ्या काचा बसवल्या आणि उजेड जास्त यावा म्हणून पहिल्या मजल्याच्या खिडक्या खालून तोडून लांब केल्या. क्रेसेंटमध्येही बऱ्याच घरांत हे झालंय, त्यामुळे ओळीत नीट बघितलं तर काही खिडक्यांची खालची कड वर आहे आणि काहींची खाली. नंबर १ च्या घरात ती पुन्हा मूळ उंचीवर आणून जाड पट्ट्यांच्या झडपा बसवल्यात, वुडला काय अपेक्षित होतं ते तिथे कळतं.

आणि एक, इंग्लंडमध्ये जुन्या घराची बुजवलेली खिडकी दिसली की लोक लगेच सांगतात की ती खिडक्यांवरच्या करामुळे बुजवली. असा कर होता, १६९६ ते १८५१, आणि काहींनी बुजवल्याही, पण कित्येक बंद खिडक्या पहिल्यापासूनच बंद बांधलेल्या असतात, कारण आत धुराडं किंवा भिंत यायची आणि बाहेर तर समान अंतरावर खिडकी दिसायलाच पाहिजे असायची. दर्शनी बाजूचं ऐकायचं हाच नियम.

आता दारापाशी या. फुटपाथ आणि घर यांच्यामध्ये एक खोल खड्डा असतो, दगडाने बांधलेला, लोखंडी रेलिंग लावलेला, आणि दाराकडे जायला त्याच्यावरून दगडी फरशीचा छोटा पूल. या खड्ड्यामुळे तळघराला उजेड आणि हवा मिळते, कारण स्वयंपाकघर तळघरात. खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला, फुटपाथच्या खाली, कमानीच्या कोठ्या असतात, तिथे कोळसा साठवायचा. फुटपाथमध्ये झाकण लावलेलं गोल भोक, कोळसेवाला वरूनच पोतं रिकामं करायचा, म्हणजे घरात पाऊलही न टाकता कोळसा थेट कोठीत. मोलकरीण, भाजीवाला, मासेवाला हे रेलिंगमधल्या छोट्या जिन्याने खाली, आणि पाहुणे पुलावरून मुख्य दाराने आत. एका घराचे दोन रस्ते, आणि वरच्यांनी खालच्यांना भेटायचीच वेळ येऊ नये अशी रचना. मला हा भाग बघताना दर वेळी त्या माणसांची आठवण होते, कारण पहिल्या मजल्यावरच्या प्रत्येक शेकोटीचा कोळसा, आंघोळीची प्रत्येक बादली आणि सकाळचं प्रत्येक मलमूत्राचं भांडं कुणीतरी अरुंद मागच्या जिन्याने वरखाली केलेलं आहे. घराची मांडणीच त्यांच्या कष्टांवर आखलेली आहे.

आतली मांडणी साधी असते, प्रत्येक मजल्यावर एक खोली पुढे आणि एक मागे, बाजूने पॅसेज आणि जिना. तळमजल्यावर जेवणाची खोली, पहिल्यावर दिवाणखाने, आणि मुख्य जिना दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐटीत जातो, त्याच्यावर मात्र कठड्याची नक्षी बंद, पायऱ्या साध्या. क्रेसेंट बाहेरून आत वळलेलं असल्यामुळे सामाईक भिंती मागे जाताना एकमेकींपासून लांब जातात, म्हणजे घर पुढे अरुंद आणि मागे रुंद. तरी खोल्या चौकोनी वाटल्या पाहिजेत म्हणून गवंड्यांनी भिंतीच्या जाडीत, कपाटांत, कोनाड्यांत हा तिरपेपणा जिरवलेला असतो.

सामाईक भिंतीवर धुराड्यांच्या रांगा उभ्या, दोन्ही घरांच्या शेकोट्या पाठीला पाठ लावून, प्रत्येक शेकोटीला आपली वेगळी नळी. ही भिंत छपराच्याही वर काढलेली असते, एका घराला आग लागली तर छपरावरून शेजारी जाऊ नये म्हणून. खाली खांबांनी जी हद्द लपवली ती वर धुराड्यांमुळे उघडी पडते, घरं मोजायची असतील तर वर बघा.

आणि मागे जा, मागे जायलाच पाहिजे. पुढची सगळी शिस्त मागे संपते. कुणाची भिंत चार फूट पुढे, कुणाची मागे, कुणी अर्धगोल फुगवटा काढून गॅलरीसारखी खोली केलेली, छपरांची उंची वेगवेगळी, खिडक्या कुठेही, दगड बहुतेक ठिकाणी डबराचा. अनेकांना हे बघून वाईट वाटतं, मला उलट फार बरं वाटतं, कारण तीस कुटुंबांनी आपापल्या गरजेप्रमाणे घर केलंय आणि समोर शहराला दिलेला शब्दही पाळलाय, दोन्ही एकाच वेळी.

समोरच्या लॉनमध्येही एक युक्ती आहे. लॉनच्या मध्ये एक खंदक आहे, एका बाजूने सरळ दगडी भिंत आणि दुसऱ्या बाजूने उतार, त्याला तिकडे हाहा म्हणतात. खाली गाईगुरं चरायची, ती या खंदकामुळे वर यायची नाहीत, पण दिवाणखान्यातून बघणाऱ्याला मध्ये कुंपण दिसायचं नाही, आपल्या पायापासून थेट डोंगरापर्यंत सगळी आपलीच जमीन वाटायची. शहरात राहून गावच्या जमीनदारीचा थाट, आणि खालची गुरंही त्या देखाव्याचाच भाग.

नावातलं रॉयल हे नंतरचं. आधी नुसतं क्रेसेंट होतं, पुढे राजा तिसरा जॉर्जचा मुलगा, ड्यूक ऑफ यॉर्क फ्रेडरिक इथे राहिला आणि ते नाव चिकटलं. आपल्याकडे एकेकाळी टायपिंगच्या क्लासला गेलेल्या सगळ्यांना माहीत असलेले, शॉर्टहँडवाले आयझॅक पिटमन नंबर १७ मध्ये राहायचे आणि १८९७ मध्ये तिथेच वारले. एप्रिल १९४२ मध्ये जर्मन बॉम्बिंगमध्ये नंबर २ आणि नंबर १७ आतून जळून गेले, दर्शनी भिंत टिकली आणि मागचं घर नव्याने बांधलं. पुढचं आणि मागचं वेगळं असण्याचा नियम अशा वेळीही कामाला आला. १९७० च्या दशकात नंबर २२ च्या मालकीणबाईंनी दार पिवळं रंगवलं, कौन्सिलने पांढरं करा म्हणून नोटीस काढली, बाईंनी ऐकलं नाही, प्रकरण सरकारपर्यंत गेलं आणि बाई जिंकल्या. नियमात पुढची भिंत होती, दाराचा रंग नव्हता, असं माझं सरळ मत आहे आणि पिवळं दार तिथे शोभतंही.

आज या घरांपैकी बहुतेकांचे फ्लॅट झालेत, दहाएक घरं अजून अख्खी आहेत, मधल्या नंबर १६ मध्ये हॉटेल आहे, आणि नंबर १ मध्ये म्युझियम, बाथ प्रिझर्व्हेशन ट्रस्टचं. सगळी ओळ ग्रेड वन लिस्टेड, म्हणजे संरक्षणाचा सगळ्यात वरचा दर्जा, परवानगीशिवाय आतली मूळ शेकोटीसुद्धा हलवता येत नाही. जाणार असाल तर म्युझियमचं तिकीट काढा आणि खालचं स्वयंपाकघर चुकवू नका, बाजूचं १ए हे या घराचं मूळ नोकरांचं अंग, मधली बरीच वर्षं ते वेगळं झालेलं होतं, आता परत जोडलंय.

मुंबईत असाल तर फोर्टातलं हॉर्निमन सर्कल, म्हणजे जुनं एल्फिन्स्टन सर्कल, याच विचारातून आलेलं आहे. १८६० च्या दशकात काम सुरू होऊन १८७२ मध्ये पूर्ण झालं, मध्ये गोल बाग, भोवती वळणदार इमारती, मालक वेगवेगळे पण दर्शनी बाजू सगळ्यांची एकाच ड्रॉइंगची. फरक एवढाच की इथे पाऊस आणि ऊन आहे, म्हणून तळमजल्याला सपाट भिंतीऐवजी कमानींचा पॅसेज दिलाय, सावलीतून आणि पावसात न भिजता चालता येईल असा. तिथल्याच एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर उभं राहून समोर बघा, एक इमारत कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते शोधा, आणि मग वर छपराकडे बघा.